सातव्या मजल्यापर्यंत एक ओळ

दुर्गाबाई गावंडे पहिल्या वर्षी नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या आणि चार मिनिटांत खाली बसल्या. अभंग बरा म्हटला होता. निरूपणाची चौथी ओळ झाली आणि पाचवी आलीच नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं, गादीला नमस्कार केला आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या. कोणी हसलं नाही. दीनानाथबुवा म्हणाले, "पाणी घ्या, दुर्गाबाई," आणि तेच त्यांना जास्त लागलं.

बुवांचा कीर्तनाचा वर्ग शनिवार पेठेतल्या एका राममंदिराच्या माडीवर भरतो. दर रविवारी सकाळी, बाराच जणांचा. रामनवमीच्या उत्सवात मुख्य कीर्तनाच्या आधी एकेका विद्यार्थ्यानं वीस मिनिटं उभं राहायचं, हातात कागद न घेता. आधी पूर्वरंग, म्हणजे अभंग आणि त्याचं निरूपण. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. ज्याला जमलं तो दुसऱ्या वर्षाला गेला. नाही जमलं त्याला आणखी एक वर्ष मिळतं. तेही गेलं की जागा पुढच्या माणसाची. बुवा बोलायला लोण्यासारखे, पण या नेमात त्यांनी स्वतःच्या भाच्यालाही सूट दिली नव्हती.

कीर्तन ऐकणं वेगळं आणि ते करायला उभं राहणं वेगळं. दुर्गाबाईंचं ऐकणं जन्माचं. विदर्भात दारव्ह्याला असताना गावात कीर्तनकार आला की त्या स्वयंपाक लवकर उरकून पुढची जागा धरायच्या आणि आरतीचं तबक फिरेपर्यंत हलायच्या नाहीत. घरी येऊन भांडी घासता घासता तीच कथा पुन्हा सांगायच्या. उभं राहायची इच्छा मात्र त्यांनी साठी उलटेपर्यंत कुणाजवळ काढली नव्हती. नवरा नागोराव एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, मुलगा साई पुण्यात नोकरीला लागला, कर्वेनगरात सातव्या मजल्यावर त्यानं फ्लॅट घेतला आणि दोघांना घेऊन आला. एकदा दर्शनाला गेल्यावर मंदिराच्या फळ्यावर वर्गाची सूचना दिसली. त्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "मले कीर्तन शिकाचं हाय."

नागोराव म्हणाले, "शीक नं. घरी ऐकाले मी एकटाच हाओ. तिथं चार लोक भेटतीन."

पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास कमी केला होता असं नाही. रविवारी वर्गातून आल्या की वही घेऊन तीन-तीन तास बसायच्या. संध्याकाळपर्यंत सगळं तोंडपाठ. मग सोमवार यायचा, मंगळवार यायचा, आणि पुढच्या रविवारी वही उघडली की दुसऱ्या कुणाची वही असल्यासारखं वाटायचं.

पुढच्या दसऱ्याला बुवांनी सगळ्यांना नव्या वह्या दिल्या. आख्यान बुवांनीच विद्यार्थ्यांसाठी रचलेलं, एका नावाड्याचं. पूर्वरंगाच्या अठ्ठेचाळीस ओळी, उत्तररंगाच्या चौसष्ट. एकूण एकशे बारा.

"दुर्गाबाई," बुवा म्हणाले, "यंदा तीन तास बसायचं नाही."

"मग किती बसू?"

"बसायचंच नाही. रोज एक ओळ. फक्त एक. आणि ती ओळ रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाकायची. जे काम चुकत नाही, त्या कामाला. मी स्वतः धोतर नेसताना म्हणतो. पन्नास वर्षं झाली. धोतर चुकवता येत नाही."

घरी हे सांगितल्यावर साईनं लगेच आईच्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. "हे बघ आई, रोजचं टार्गेट टाकायचं. केलं की हिरवी टिक. एकवीस दिवस सलग झाले की बॅज मिळतो."

"बॅज म्हंजे?"

"बिल्ला," नागोराव मधेच म्हणाले. "आमच्या आगारात कंडक्टरले भेटे."

तिसऱ्या दिवशी सकाळची आरती चालू असताना मोबाईल टिंग करून वाजला. दुर्गाबाईंनी आरती संपवली, निरांजन ठेवलं आणि सुनेला विचारलं, "नम्रता, हे काय म्हणून राह्यलं?"

नम्रतानं वाचलं. "तुम्ही मागे पडताय, असं म्हणतंय."

"आरती चालू असतानी?"

"त्याला काय कळतंय, आई."

"ज्याले कळत नाही त्यानं बोलू नाही," असं म्हणून त्यांनी ते काढून टाकायला लावलं.

मग कामांचा शोध सुरू झाला. पूजेच्या वेळी ओळ म्हणून पाहिली, तर पाठांतर होई आणि देव राहून जाई. ते काही त्यांच्या मनाला पटेना. आंघोळ करताना म्हटली, तर नागोराव दार ठोकून विचारत, "कोणाशी बोलून राह्यली व?" पाच-सहा दिवस असेच गेले. एका सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन त्या खालून वर येत होत्या. लिफ्टमध्ये एकट्याच. समोर आरसा. आरशात एक बाई उभी, हातात कात्रज दुधाच्या दोन पिशव्या, आणि जायला कुठं नाही. त्यांनी ओळ म्हटली. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत ती तीनदा म्हणून झाली. तिसऱ्यांदा संपली आणि दार उघडलं.

दुधाला, भाजीला, देवाच्या फुलांना आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला, असं त्यांचं दिवसातून चारदा खाली जाणं होई. म्हणजे लिफ्टच्या आठ फेऱ्या. सकाळी दूध घेऊन येताना नवी ओळ. बाकीच्या सात फेऱ्यांना जुन्यांतली एकेक. एका फेरीला एक ओळ, तीनदा. वहीत तारखा नाहीत, टिकमार्क नाहीत. दूध घरात आलं याचा अर्थ आजची ओळ झाली.

बुवा म्हणायचे की कीर्तनात आवाजाइतकाच हात बोलला पाहिजे. म्हणून मार्गशीर्षात दुर्गाबाई आरशासमोर हातही हलवू लागल्या. आख्यानात एक प्रवासी काठावरून धावत येतो आणि हाक मारतो. ती ओळ चालू असताना लिफ्ट नेमकी तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर सोसायटीच्या सचिव दीपमाला आपटे खरेदीची पिशवी घेऊन उभ्या. आत दुर्गाबाई, एक हात वर, तोंडानं, "नावाड्या, थांब!"

"थांबते," दीपमालाताई म्हणाल्या. "मी पुढच्या लिफ्टनं येते."

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर सूचना लागली. "लिफ्टमध्ये स्वतःशी बोलणाऱ्यांनी आवाज बेताचा ठेवावा. आरसा केस नीट करण्यासाठी बसवला आहे, आख्यानासाठी नाही. – सचिव." नागोरावांनी ती दोनदा वाचली आणि वर येऊन सांगितलं, "तुह्या नावानं फलक लागला. आता तू मोठी झाली."

दुर्गाबाईंनी आवाज बेताचा केला. ओळ सोडली नाही. आठवड्यानं दीपमालाताईच लिफ्टमध्ये भेटल्या. चौथ्या मजल्यापर्यंत मजल्यांचे आकडे बघत होत्या. पाचव्याला त्यांनी विचारलं, "अहो, तो नावाडी थांबतो का शेवटी?"

"थांबते. पण नाव मधात अडकते."

"असं तोडून तोडून नका हो सांगू," दीपमालाताई म्हणाल्या, आणि सहाव्यावर उतरून गेल्या.

माघ लागला तेव्हा एकशे बारावी ओळ लिफ्टमधून वर आली. दुर्गाबाईंनी त्या दिवशी साखरभात केला. वहीवर बोट ठेवून कुठलीही ओळ विचारा, ती त्यांना येत होती. नागोरावांनी चाळिसावी विचारली, आली. नव्वदावी विचारली, आली. "मायबाई," ते म्हणाले, "तू तं खरंच केलं."

रविवारच्या वर्गात तोवर चाली, टाळ, पावलं असंच चाललं होतं. पूर्ण आख्यान बुवा माघातच ऐकत. दुर्गाबाईंचा नंबर आला. त्या चटईवर उभ्या राहिल्या, अभंग म्हटला आणि निरूपण सुरू केलं. एकही शब्द चुकला नाही. बुवा डोळे मिटून ऐकत होते. दहाएक ओळींनंतर त्यांनी डोळे उघडले. वीसएक ओळींनंतर ते पुढं वाकून बघायला लागले.

"दुर्गाबाई, एक मिनिट. आपण मधेच कुठं निघालात?"

"मी? कुठं नाही."

"नाही कसं? ओळ संपली की आपण गप्प होता, डावीकडं बघता आणि अर्धं पाऊल पुढं टाकता. मग परत येता आणि पुढची ओळ म्हणता. प्रत्येक ओळीला. बाहेर कोणी आलंय का?"

वर्गातली सगळी त्यांच्याकडं बघत होती. दुर्गाबाईंनी आपल्या पायांकडं बघितलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लिफ्टचं दार डावीकडं उघडतं.

त्यांनी सगळं सांगितलं. वर्ग हसला. बुवा तर डोळे पुसेपर्यंत हसले. मग उपरणं खांद्यावर नीट करून म्हणाले, "हसण्यावारी नेण्यासारखं नाही पण हे. नाव नदीतून चालली आहे, आणि आपली नाव दर ओळीला स्टॉप घेते. ती कात्रजची बस नाही. श्रोता दर स्टॉपला उतरून जाईल. वीस मिनिटांचे तीस होतील. विसाव्या मिनिटाला मी हात वर करून आपल्याला थांबवणार, आणि तेव्हा नावाडी नदीतच असेल."

"मग आता?"

"ओळी पाठ आहेत. त्यांचे सांधे पाठ नाहीत. एका ओळीचं शेपूट आणि पुढच्या ओळीचं तोंड, एवढंच रोज म्हणायचं. अख्खी ओळ नाही. आणि लिफ्टमध्ये नाही."

रामनवमीच्या उत्सवात पंचमीला त्यांची पाळी होती. दीड महिना उरला होता.

परतताना दुर्गाबाई बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांना रडू येत होतं. एकशे बारा दिवस रोज केलं, एक दिवस चुकवला नाही, आणि चूकच पक्की करून ठेवली. घरी आल्यावर त्यांनी नागोरावांना सांगितलं.

"इंजिनात काही खराबी नाही," ते म्हणाले. "गेर पडत नाही तुहा. पहिल्यातून दुसऱ्यात जातानी गाडी बंद पडते, मंग तू नव्यानं किल्ली मारते."

"ते मलेही समजते. कराचं काय?"

नागोरावांनी वही पुढून मागून चाळून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई डब्यांच्या पोळ्या करत होत्या. साईचा डबा, नम्रताचा डबा, घरातल्या दोघांचं, मिळून चौदा. एक पोळी तव्यावर टाकली की हात आपोआप दुसरा गोळा घेतो. पहिली भाजून होईपर्यंत थांबून मग दुसरी लाटायला घेतली तर तवा रिकामा तापत राहतो. आणि दुसरी लाटत बसलो, पहिलीकडं बघितलं नाही, तर ती जळते. दोन्ही एकाच वेळी चालू असतात. चाळीस वर्षं त्या पोळ्या करत होत्या, पण तव्यावरच्या पोळीकडं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा असं बघितलं.

"आवो," त्यांनी हाक मारली. "वही घ्या आन् इथं बसा."

नागोराव चहाचा कप घेऊन वही उघडून बसले. रीत अशी ठरली. दुर्गाबाईंनी पोळी तव्यावर टाकली की नागोरावांनी एका ओळीचे शेवटचे तीन शब्द वाचायचे. पोळी उलटायच्या आत दुर्गाबाईंनी पुढच्या ओळीचे पहिले तीन शब्द म्हणायचे. लाटणं थांबवायचं नाही. चौदा पोळ्यांचे तेरा सांधे.

पहिल्या दिवशी चार आले. दोन पोळ्या जळाल्या. साईनं ऑफिसातून फोन केला, "आई, आजच्या पोळीवर उत्तररंग चढलाय जरा." दुसऱ्या दिवशी पाच आले. नागोरावांना आधी हे कंटाळवाणं वाटलं होतं. आठवड्याभरात ते दाढी आटोपून वही घेऊन वेळेच्या आधी हजर राहू लागले. वर शेरे मारू लागले. "एकोणतीस ते तीस, खडखड आवाज आला." "चाळीसले क्लच उशिरा दाबला." नम्रता डबा भरायला आली की तिलाही तीन शब्द ऐकवून परीक्षा घेत. नम्रता म्हणे, "बाबा, माझी नऊची मीटिंग आहे, मला नका घेऊ तुमच्या नावेत."

सगळे सांधे एकदा झाले, दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला दुर्गाबाई डावीकडं बघायच्या थांबल्या. बुवांनी फाल्गुनात एका रविवारी पूर्वरंग आणि दुसऱ्या रविवारी उत्तररंग ऐकला आणि एवढंच म्हणाले, "आता पोळपाटही सोडा. रोज नव्या जागी म्हणा. नाहीतर गादीवर येताना लाटणं घेऊन याल." मग बाकीचे दिवस दुर्गाबाई कधी बँकेच्या रांगेत पूर्वरंग, कधी बागेतल्या बाकावर किंवा रिक्षात उत्तररंग म्हणू लागल्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "मावशी, फोनवर आहात का?" दुर्गाबाई म्हणाल्या, "नाही बापा, नावेवर हाओ." त्यानं आरसा दुसरीकडं वळवला.

चैत्र शुद्ध पंचमीला संध्याकाळी मंदिराचा सभामंडप भरला होता. साई अर्धी सुट्टी टाकून आला होता. नम्रता पुढं बसली होती. तिच्या शेजारी दीपमालाताई होत्या, आणि त्या शेजारणीला सांगत होत्या की आख्यानातला अर्धा भाग त्यांचा आधीच ऐकून झालाय, हप्त्याहप्त्यानं. दुर्गाबाईंनी गादीला नमस्कार केला, झांज हातात घेतली आणि उभ्या राहिल्या. पेटीनं सूर दिला.

अभंग झाला. निरूपण सुरू झालं. चौथी ओळ गेली, पाचवी तिच्यामागून आपोआप आली. दुर्गाबाईंना ती आल्याचं कळलं तेव्हा सातवी चालू होती. बुवा बाजूला खांबाशी बसून होते. नागोराव पुरुषांच्या बाजूला, इस्त्रीची टोपी घालून. त्यांचे ओठ हलत होते. अठ्ठेचाळिसावी ओळ संपली आणि दुर्गाबाईंनी रामनामाचा गजर धरला. सगळ्या सभेनं तो उचलला. पूर्वरंग पार पडला होता.

कीर्तनाला जाणाऱ्यांना ठाऊक आहे की या मधल्या गजरात कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात आणि पाया पडतात. वय बघत नाहीत, नातं बघत नाहीत. गादीवर जो उभा तो नारद. बाप मुलाच्या पाया पडतो. विद्यार्थ्याला हार घालायचा मान त्याच्या घरच्या माणसाचा. दुर्गाबाईंना हे ऐकून माहीत होतं. पण पहिल्या वर्षी त्या हारापर्यंत पोचल्याच नव्हत्या, आणि यंदा हार साई घालणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. साईनं आयत्या वेळी बापाला पुढं केलं.

नागोराव हार घेऊन समोर आले.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. रोज सकाळी पूजा झाली की दुर्गाबाई देवाला, मग तुळशीला आणि मग नागोरावांना नमस्कार करत. त्याची त्यांनी कधी ओळ केली नव्हती, कशाला बांधली नव्हती, कुणी शिकवलीही नव्हती. नागोराव समोर येऊन उभे राहिले, आणि दुर्गाबाईंनी झांज काखेत धरून पदर डोक्यावर घेतला आणि त्या वाकल्या. त्याच वेळी हार घालायला नागोराव पुढं झुकले. दोघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली. टोपी तिरकी झाली. सभेत हसू पसरलं.

"ताठ!" खांबाजवळून बुवांचा आवाज आला.

दुर्गाबाई सरळ झाल्या. नागोरावांनी हार घातला, कपाळाला बुक्का लावला, आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली वाकून बायकोच्या पायांना हात लावला. ते उठून जागेवर गेले. गजर चालू होता. आता गजर थांबवायचा आणि उत्तररंगाची पहिली ओळ घ्यायची.

ती ओळ नव्हती.

दुर्गाबाईंनी आत शोधलं. अठ्ठेचाळिसावी ओळ होती. तिचं शेपूट होतं. पुढं काही नव्हतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा सांधा कधी झालाच नव्हता. वहीत पूर्वरंग एका पानावर संपत होता. खाली बुवांनी रेघ मारून लिहिलं होतं, "गजर, हार, बुक्का." उत्तररंग पुढच्या पानावर. नागोराव तिथं आले की पान उलटत आणि चहाचा घोट घेत. दर खेपेला.

त्यांनी गजराची दुसरी फेरी धरली. सभेला वाटलं, बाई रंगात आल्या. टाळ्या वाढल्या. तिसरी फेरी धरली. पेटीवाल्यानं मान वर करून बघितलं. नागोराव पुरुषांच्या बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांनाही आठवत नव्हतं.

मागच्या वर्षी दुर्गाबाई पाचव्या ओळीची वाट बघत उभ्या राहिल्या होत्या. ती ओळ येईल, मग पुढचं बोलू. ती आली नाही, म्हणून बसल्या. या वेळी एकोणपन्नासावी आली नाही, पन्नासावी आली नाही, पण कुठूनतरी पंचावन्नावी आली. त्या ओळीत नाव नदीच्या मधोमध होती. नावाडी कोण, कुठला, त्याची बायको त्याला काय म्हणाली, हे सगळं अलीकडच्या काठावर राहिलं होतं. दुर्गाबाईंनी चौथ्या फेरीला झांज थांबवली, रामाचं नाव घेतलं आणि श्रोत्यांना एकदम पाण्यात नेऊन सोडलं.

घाईत पंचावन्नाव्या ओळीचे लिहिलेले शब्द राहिले बाजूला आणि नावाडी त्यांच्याच बोलीत ओरडला. "बापा, दोर सोडू नका! पाणी वाढून राह्यलं!"

सभा सावरून बसली. पुढची ओळ आली, तिच्या पाठोपाठ तिची पुढची. नाव अडकली, सुटली, काठाला लागली. दुर्गाबाई मधे कुठंही थांबल्या नाहीत. एकदा श्वास कमी पडला तेव्हा त्यांनी तो आख्यानातल्या गाण्याच्या आधी घेतला. शेवटचा गजर झाला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली होती.

मुख्य कीर्तन संपून प्रसाद वाटून झाल्यावर बुवांनी त्यांना बोलावलं. नागोराव, साई आणि नम्रता मागं उभे राहिले.

"सहा ओळी गिळल्यात," बुवा म्हणाले.

"हो जी."

"नावाड्याची बायको आलीच नाही आज. मी वाट बघत होतो."

"हो."

"आणि लोकांना नावाडी विदर्भातला असल्याचं आजच कळलं. मलाही."

नागोराव पुढं आले. "बुवा, चूक माही हाय. पान मी उलटवत होतो."

"पानाचं सोडा हो," बुवा म्हणाले. "ओळी सगळ्यांच्याच जातात, माझ्याही जातात. यांना वाट काढता आली. मी वर्गात घेतो तो वाट काढणारा माणूस." त्यांनी पिशवीतून निळ्या कव्हरची वही काढली. ती दुसऱ्या वर्षाची. पण ती दुर्गाबाईंच्या हातात न देता त्यांनी स्वतःच्याच हातात धरून ठेवली. "दुसऱ्या वर्षी चाळीस मिनिटं असतात. ओळी मोजू नका, त्या होतील. पण गादीवर आपण वाकलात, ते मला चालणार नाही. ओळ चुकली तर माणूस चुकतो. गादीवरचा वाकला तर गादी वाकते. हे पाठांतरानं जाणार नाही. कळलं?"

"कळलं. पण ते जाईन कसं?"

"जसं आलं तसं. रोज." बुवा नागोरावांकडं वळले. "आपण रोज सकाळी एकदा यांना नमस्कार करायचा. यांनी ताठ उभं राहायचं. एकदाच. आपली काही हरकत?"

नागोरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "कंबर दुखते थोडी," ते म्हणाले. "पण करू."

बुवांनी वही दुर्गाबाईंच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून दुर्गाबाई स्वयंपाकघरात आल्या. नागोराव दाराशी उभेच होते.

"उभी राय," ते म्हणाले.

"आताच? गॅसवर दूध हाय."

"बुवा म्हणाले, रोजच्या रोज. उभी राय."

त्या उभ्या राहिल्या. नागोराव वाकायला लागले. त्यांचा गुडघा कट्‌कन वाजला. दुर्गाबाईंचा हात आपोआप पदराकडं गेला. त्यांनी तो खाली आणला आणि ओट्याची कड घट्ट धरली. खांदे पुढं येऊ लागले.

"मले पुरा खाली जाऊ तं दे," नागोराव खालून म्हणाले.

"तुमी हळू वाका ना, कंबर धरन."

नम्रता ब्रश हातात घेऊन दारात आली आणि सासू-सासऱ्यांकडं बघत राहिली. "हे काय चाललंय?"

"दुसऱ्या वर्षाचा अभ्यास," नागोराव म्हणाले.

त्यांचे हात पायांना लागले. दुर्गाबाईंनी ओट्याची कड सोडली नाही. तरी त्या वाकल्याच, पण अर्ध्यातच थांबल्या. नागोराव कंबरेवर हात ठेवून सरळ झाले, आणि दुर्गाबाई गॅस बारीक करायला वळल्या.